वाटी भरलेली, पोटही भरलेलं

"नमस्कार काका. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात मी, मिस्टर, सासरे अप्पा, सासूबाई (त्यांना सगळे अव्वा म्हणतात), सातवीतला मुलगा आणि बंड्या. बंड्या म्हणजे आमचा पांढरा पामेरियन, चार वर्षांचा. दिवाळीपासून तो नीट खायलाच नाही. चार कंपन्यांचं खाणं बदलून झालं. नवीन पाकीट फोडलं की दोन दिवस आवडीनं खातो, तिसऱ्या दिवशी नुसता वास घेतो आणि निघून जातो. सकाळी अप्पांच्या चहाबरोबर चार बिस्किटं खातो, मुलगा शाळेतून आला की त्याच्या हातची खातो, तेवढंच काय ते. रात्री अव्वा अकरा वाजेपर्यंत त्याच्यापुढं मांडी घालून बसतात आणि दूध-भाकरी हातानं भरवतात. 'मुकं लेकरू उपाशी झोपायलंय, तुम्हाला घास कसा जातो,' हे मला रोज ऐकावं लागतं. उन्हाळ्यासाठी केस कापल्यापासून तर अगदी हाडकुळा दिसायलाय. जानेवारीत डॉक्टरांना दाखवलं, ते काही नाही म्हणाले. परवा मेडिकलच्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभी राहिले, माझं वजन वजा केलं तर ९ किलो भरला. मागच्या उन्हाळ्यात साडेआठ होता. आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. खालचे भाडेकरू म्हणतात, मटण घाला मग बघा कसा खातो. रविवारी ते त्याला हाडूक देतात तेव्हा खातो खरा. काय करू? शेवटचं तीन किलोचं पाकीट गच्चीवरच्या खोलीत पडून आहे."
— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, सहा महिने न खाणाऱ्या कुत्र्याचं वजन अर्धा किलोनं वाढत नसतं.

काट्यावरचा आकडा तुम्हीच लिहिलाय, पण काळजीच्या भरात त्याच्याकडं बघायचं राहिलं. साडेआठ किलोच्या जिवाला अर्धा किलो म्हणजे साठ किलोच्या बाईचं वजन साडेतीन किलोनं वाढण्यासारखं आहे. बंड्या उपाशी नाही. तो जेवतोय, फक्त त्याच्या वाटीत जेवत नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षं मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट या भागात गाई-म्हशींच्या मागं फिरलो. "जनावर वैरणीला तोंड लावंना" म्हणून बोलावणं आलं की मालक गव्हाणीकडं बोट दाखवायचा आणि आमचे साहेब जनावराच्या मागं जाऊन उभे राहायचे. शेण किती पडलंय, कसलं पडलंय, ते आधी बघायचं. कुत्र्याचंही तसंच आहे. बंड्याची शी रोज दोन वेळा, घट्ट आणि नेहमीएवढी होत असेल तर पोटात कुठून तरी माल जातोय एवढं नक्की. तेव्हा "त्याला काय घालू" हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेवा. सध्या त्याच्या पोटात काय काय जातंय ते शोधा.

त्यासाठी एक चाळीसपानी वही घ्या आणि फ्रीजच्या हँडलला पेन्सिलीसकट बांधा. जो कोणी बंड्याच्या तोंडात काही घालेल त्यानं वेळ आणि वस्तू लिहायची. चार दिवस कुणालाही रागवायचं नाही, की "हे कशाला दिलंत" म्हणायचं नाही. एकदा जरी कुणाला बोललात तर पाचव्या मिनिटाला लोक चोरून द्यायला लागतील आणि वही खोटी होईल. हिशेब मुलाकडं द्या. सातवीतली पोरं अशा कामात पोलिसासारखी असतात, अप्पांनाही सोडणार नाहीत.

वहीत काय निघेल याचा अंदाज तुमच्या पत्रावरूनच करता येतो. ग्लुकोजच्या एका बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. अप्पांची चार आणि नातवाची चार मिळून आठ बिस्किटं, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. अव्वांची अर्धी भाकरी साधारण ११० कॅलरींची. तिच्यावर चमचाभर तूप पडतच असणार, ते ४५. अर्धा कप म्हशीचं दूध धरलं तर आणखी १०० येतात. बेरीज झाली ४३० च्या घरात, आणि यात रविवारचं हाडूक नाही, खारीचा तुकडा नाही, मुलाच्या कुरकुऱ्यातले चार दाणेही नाहीत.

आता त्याची गरज बघा. डॉक्टर लोक वजनाचा ०.७५ घात करून त्याला ७० नं गुणतात. ९ किलोला ते ३६४ येतं. ही नुसत्या पडून राहण्याची गरज झाली. घरातल्या घरात फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला याच्या सव्वा ते दीडपट लागतं. म्हणजे दिवसाला ५०० धरा. त्यातले ४३० बाहेरच्या बाहेर जात असतील तर वाटीसाठी ७० उरले. कोरड्या खाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या त्या महागड्या दाण्यांपैकी फक्त वीस ग्रॅमची जागा त्याच्या पोटात शिल्लक आहे. एक मूठही होत नाही. तुम्ही वाटी भरून ठेवता, तो वास घेऊन निघून जातो. लग्नात पंगत उठल्यावर कुणी पुन्हा पान वाढलं तर तुम्ही-आम्ही काय करतो?

आता दिवाळीबद्दल. त्याचं बिनसलं ते दिवाळीपासून, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला वाटतं सगळं तिथंच सुरू झालं असावं. फटाक्यांनी घाबरलेलं कुत्रं एक-दोन दिवस खात नाही. आमच्याकडं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर गल्लीतली धीट कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरून बसतात, पुढ्यात काहीही टाका, बघत नाहीत. बंड्याही तसाच पलंगाखाली बसला असेल. अव्वांनी मायेनं त्याला जवळ घेतलं असेल, हातानं दूध-भाकरी दिली असेल. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. पण फटाके थांबले आणि हातानं भरवणं चालूच राहिलं. वाटीकडं पाठ फिरवली की माणूस खाली बसतो, गोड बोलतो आणि वाटीतल्यापेक्षा चांगलं काहीतरी देतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं. चार पाकिटं बदलल्यावर ते पक्कं झालं. दोन दिवस खायचं, तिसऱ्या दिवशी थांबायचं, की नवीन पाकीट येतं.

अव्वांना हे समजावून सांगायचं असेल तर कॅलरीचं काही काढू नका. त्यांना मंगळवार बाजाराची आठवण करून द्या. त्यांनी आयुष्यभर तिथं भाजी घेतली असणार. मेथीची पेंडी हातात घ्यायची, भाव ऐकायचा, पेंडी परत ठेवायची आणि पुढं चालायला लागायचं. चौथ्या पावलाला मागून हाक येते, "या अव्वा, घ्या, तुमच्या भावानं घ्या." हाक येणार हे माहीत असतं म्हणून तर माणूस पेंडी खाली ठेवतो. बंड्या तुमच्या घरात रोज रात्री हेच करतोय आणि रोज त्याला हाक येतेय. हाक बंद झाली की तोही पेंडी खाली ठेवायचा नाही. हे अव्वांना तुमच्याआधी पटेल बघा, कारण या कामात त्यांचा हात धरणारं घरात दुसरं कुणी नसणार.

ही नवी पद्धत सुरू करायच्या आधी एक काम आहे, ते टाळू नका. जानेवारीची तपासणी आता जुनी झाली. जानेवारीत थंडी होती, आता एप्रिल संपत आलाय आणि गोचिडांचे दिवस आहेत. मी स्वतः यात एकदा फसलोय. आमच्या दारात काळी नावाची एक गावठी कुत्री होती, खाण्यात भारी चोखंदळ. एका उन्हाळ्यात तिनं तीन दिवस भाकरी सोडली. मी म्हणालो, नखरे करतेय, करू दे. चौथ्या दिवशी सहज तिचा ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. गोचीडताप निघाला. वाचली, पण उपचार महिनाभर चालले. लोकांच्या जनावरांच्या हिरड्या रोज बघणारा मी, घरच्या कुत्रीच्या बघायला तीन दिवस लावले.

म्हणून आज संध्याकाळीच बंड्याला उजेडात घ्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. हिरड्या गुलाबी हव्यात. दात नीट बघा. लहान जातीच्या कुत्र्यांना दातांवर कीट लवकर चढतं, आणि दाढ दुखत असली की कोरडे दाणे नको वाटतात पण दुधातली भाकरी चालते. दाणे तोंडातून पडत असतील, एकाच बाजूनं चावत असेल, लाळ गळत असेल किंवा तोंडाला घाण वास येत असेल तर तो नखरा नव्हे, ते दुखणं आहे. ताप बघायचा तर कुत्र्याचं तापमान आपल्यापेक्षा जास्तच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइटपर्यंत काळजी नाही. आणि डॉक्टरांकडं न्याल तेव्हा "खात नाही" एवढंच सांगू नका, वही बरोबर न्या. "खात नाही" ऐकून डॉक्टर एका वाटेनं विचार करतात, "वाटीतलं खात नाही पण बिस्किटं खातो आणि वजन वाढलंय" ऐकून दुसऱ्या.

हाडकुळा दिसण्याचं म्हणाल, तर ते केस कापल्यामुळं आहे. आपल्याकडं घरोघरी ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पामेरियन जेमतेम दीड ते सव्वातीन किलोंचा. या जातींना दोन थरांचे केस असतात आणि अर्धा कुत्रा त्या केसांचाच असतो. कापले की आतून मांजराएवढं काहीतरी निघतं आणि घरात रडारड होते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हात लावून बघा. एका हाताची मूठ आवळून दुसऱ्या हाताची बोटं तिच्या गाठींवरून फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा बारीक आहे. हात पसरून पालथ्या पंजाच्या पाठीवर बोटं फिरवा. तशा लागल्या तर बेताचा. आणि तळहातावरच्या अंगठ्याखालच्या गादीसारखं लागून बरगडी शोधावी लागली तर कुत्रा जाड आहे. बंड्या तिसऱ्या वर्गात निघाला तरी मला नवल वाटायचं नाही. आणि ताई, पुढच्या उन्हाळ्यात त्याचे केस मुळापासून कापू नका. तो वरचा थर ऊन अडवतो. रोज विंचरून आतली सुटलेली लव काढली की पुरे.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की पद्धत बदलायची. त्यात अवघड काही नाही, फक्त घरातल्या पाचही जणांनी एकाच दिवसापासून सुरू करायला हवं.

दिवसातून दोनच वेळा वाटी. आपल्या सोलापूरच्या उन्हात वेळ महत्त्वाची. पारा ४२-४३ वर गेल्यावर दुपारी आपल्यालाही जेवण जात नाही, ताक पिऊन पडून राहावंसं वाटतं. कुत्र्याला तर घाम येऊन अंग गार करायचीही सोय नाही, तो नुसता धापा टाकतो. तेव्हा सकाळी सहाच्या आसपास, फरशी गार असते तेव्हा एक वाटी, आणि दुसरी रात्री साडेआठनंतर, दिवे लागून घर निवल्यावर. मे महिन्यात त्याची भूक थोडी कमी होणारच, त्याला घाबरू नका. पाण्यासाठी स्टीलचं भांडं नको, तापतं. कुंभाराकडून पसरट मातीचं भांडं आणा, पाणी गार राहतं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण त्याच्या भांड्यातलं पाणी दिवसातून दोनदा बदलायलाच हवं, साठवणीतलं असलं तरी.

वाटी ठेवायची आणि तिथून निघून जायचं. पंधरा-वीस मिनिटांनी यायचं, उरलेलं असेल तर वाटी उचलायची. रागावायचं नाही, चुचकारायचं नाही, "खा रे माझ्या सोन्या" नाही. वाटी परत येईल ती पुढच्या वेळेलाच. मधल्या वेळेत फक्त पाणी. पहिल्या दिवशी तो वास घेऊन जाईल आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसेल. त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं खाईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटीचा आवाज आला की येईल. मोठा, निरोगी कुत्रा एक-दोन जेवणं चुकवू शकतो, त्यानं त्याला काही होत नाही. पण पूर्ण दिवस-रात्र गेली, २४ तासांत त्यानं काहीच तोंडात घेतलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा. पाणीही सोडलं, उलट्या-जुलाब झाले, पडून राहिला, काळी शी झाली तर २४ तास थांबू नका. आणि हा उपाय पिल्लांवर कुणी करू नये. लहान पिल्लांची साखर उपाशी पोटी झपाट्यानं उतरते.

चवीबद्दलही थोडं सांगतो. आपल्या जिभेवर सुमारे नऊ हजार स्वादग्रंथी असतात, कुत्र्याच्या सतराशेच्या आसपास. तो चव घेतो ती नाकानं. म्हणून चवीसाठी वर काही घालायच्या आधी कोमट पाणी घालून बघा. दाण्यांवर हाताला ऊन लागेल इतपतच गरम पाणी ओता, पाच मिनिटं ठेवा. वास उठतो, आणि उन्हाळ्यात तेवढंच पाणी पोटात जातं. ओलं केलेलं खाणं मात्र अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवू नका, आपल्या हवेत लगेच आंबतं.

किती घालायचं? पाकिटाच्या मागं १०० ग्रॅमला किती कॅलरी ते छापलेलं असतं. त्यातून ४५० कॅलरींचे दाणे काढा, साधारण सव्वाशे ग्रॅम होतील, त्याचे दोन भाग. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, ते कुठल्या वाटीत किती येतं त्याची खूण करून ठेवा. मग रोज मोजायला नको. उरलेल्या ५० कॅलरी मी अव्वांच्या नावावर ठेवल्यात. वरखाऊ दिवसाच्या एक-दशांशाच्या वर जाऊ नये असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे, आणि तो एक-दशांश घरात एकाच माणसाच्या हातात असावा. तो हात अव्वांचा असू द्या. पन्नास कॅलरी म्हणजे पाव भाकरी, थोडी कमीच. ती त्यांनी कुस्करून दाण्यांतच मिसळायची, वेगळी द्यायची नाही आणि हातानं भरवायची तर मुळीच नाही. सकाळ-संध्याकाळची वाटीही अव्वांनीच ठेवावी. त्यांच्याकडून भरवणं काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर तिसऱ्या रात्री त्या पदराखालून भाकरी नेतील. मी नेली असती.

कुत्रं म्हणजे मांसाहारी प्राणी, त्याला ज्वारी कशी पचते, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की माणसाबरोबर राहून कुत्रं लांडग्यापासून यातच वेगळं झालं. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. पिष्ट पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तिसापर्यंत सापडल्या. आपल्या भाकरीनं हे कुत्रं घडवलंय म्हणायला हरकत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी त्याला चालते. फक्त मीठ नको. बंड्याला दाताखाली काही कुरकुरीत हवं असेल तर बिनमिठाच्या कडक भाकरीचा बोटाएवढा तुकडा बिस्किटापेक्षा कितीतरी बरा. दूध मात्र बंद. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर धड पचत नाही. हवं तर चमचाभर ताक घाला, बिनमिठाचं.

पण त्या भाकरीबरोबर दुसरं काय जातंय, हे मला पत्रातून कळलं नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. आपल्या सोलापुरात भाकरी आणि शेंगाचटणी यांची फारकत होत नाही. अव्वांच्या ताटातला चटणी लागलेला तुकडा बंड्याला जात असेल तर तो आजपासून बंद. शेंगदाण्याचं काही नाही, लसणाचं आहे. लसूण आणि कांदा, कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवून कुटलेला, त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी थकवा, फिकट हिरड्या, गडद लघवी असं दिसायला लागतं, तोवर घरात कुणाला तो तुकडा आठवतही नाही. एखाद्या कणानं काही होत नाही, पण रोजचा घास म्हणून नको. फोडणीची आमटी, रस्सा, कांदा घातलेलं पिठलंही नको. द्राक्षं आणि बेदाणे तर एकही नको. पंढरपूरकडून बेदाण्याची पिशवी आली की मूठभर समोर ठेवायची आपली पद्धत, पण द्राक्ष-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक बदलतं. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम हे मुलाला सांगून ठेवा. अप्पांना चहात बुडवलेल्या बिस्किटाचं सांगायला जड जाईल, तेव्हा चहाच्या वेळी बंड्याला मुलाबरोबर फिरायला धाडा. त्यानं भूकही लागेल. दारात नसलेल्या कुत्र्याला अप्पा बिस्किट देऊ शकत नाहीत.

राहिला मटणाचा प्रश्न. घरात चालत नाही ते तुम्ही कुत्र्यासाठी सुरू करावं असं मला वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. मांजर असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, मांजराला मांसातली काही द्रव्यं मिळालीच पाहिजेत. कुत्रं योग्य जुळणीच्या शाकाहारावर व्यवस्थित जगतं. मात्र "योग्य जुळणी" म्हणजे डाळ-भात नव्हे. नुसत्या घरच्या खाण्यावर ठेवायचं तर कॅल्शियमपासून सगळ्याचा हिशेब डॉक्टरांकडून बसवून घ्यावा लागतो. त्यापेक्षा पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं लिहिलेलं तयार खाणं हाच पाया ठेवा. बिनमांसाचं हवं तर तेही मिळतं. वरून कधी पनीरचा बारीक तुकडा, कधी शिजवलेला लाल भोपळा, अव्वांच्या त्या पन्नासात बसवून.

भाडेकरूंचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. मटण घातलं तर बंड्या खाईल, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो मटणाचीही पेंडी खाली ठेवील. मग काय घालणार? आणि त्यांच्या रविवारच्या हाडकाबद्दल त्यांच्याशी बोला, मिस्टरांना बोलायला सांगा हवं तर. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार काटक्या होतात आणि घशात नाही तर आतड्यात रुततात. वर त्याला कांदा-लसणाचा मसाला चिकटलेला असतो आणि चरबी असते ती वेगळीच. एकदम चरबी पोटात गेली की कुत्र्यांना स्वादुपिंडाची सूज येऊ शकते, फार वेदनेचं दुखणं आहे ते. "आमच्या धर्मात बसत नाही" असं सांगितलंत तर ते वाईट वाटून घेतील, "डॉक्टरांनी हाड बंद केलंय" म्हणालात तर लगेच ऐकतील.

शेवटी ते गच्चीवरच्या खोलीतलं पाकीट. फोडलेलं आहे का? एप्रिलभर पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली पडलेलं असेल तर फोडलेल्या दाण्यांतलं तेल खवट झालेलं असणार. बंड्यानं त्याला तोंड लावलं नाही तर ती त्याची हुशारी. एक मूठ हातात घेऊन नाकाशी धरा, जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या, "पैसे गेले" म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांनाही घालू नका. वास चांगला असेल तर तेच वापरा, पाचवी कंपनी आणू नका. पाकीट आहे तसंच, तोंड घट्ट दुमडून, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा खालच्या मजल्यावर, उन्हाचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात. फोडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवा. नवीन आणायची वेळ आलीच तर तीन किलोचं नको, एक किलोचं घ्या आणि बदल एकदम न करता आठवडाभरात करा, पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण. दुकानात मोठं पोतं उघडं ठेवून सुट्टं विकतात, ते स्वस्त पडतं खरं, पण ते पोतं किती दिवसांपासून उघडं आहे हे दुकानदारही सांगू शकत नाही.